श्रेणी बदलली की माहिती बदलली? राज्यातील वन्यप्राण्यांची स्थिती-यादी नव्याने करताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्र राज्यातील वन्यप्राण्यांच्या संवर्धन-स्थितीची जी यादी आपला अभ्यासगट वापरतो ती बारा वर्षांपूर्वीची आहे. ती अद्ययावत करताना प्रत्येक नावापुढे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या जागतिक लाल यादीतील (नष्ट होण्याच्या धोक्यानुसार प्रजातींना श्रेणी देणाऱ्या यादीतील) आजची श्रेणी भरली आणि शेजारी वन्यजीव संरक्षण कायद्यातील अनुसूची लिहिली, तर काम पूर्ण झाले असे मानावे का, आणि तशीच यादी जिल्हावारही करावी का, असे आपण विचारले आहे. रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड 'अतिसंकटग्रस्त' या धोक्याच्या सर्वांत गंभीर श्रेणीतून एक पायरी सौम्य अशा 'संकटग्रस्त' श्रेणीत आले असल्याने त्याचा पाठपुरावा आता कमी करता येईल, असे मत गटात मांडले गेल्याचेही आपण कळवले आहे. हे मत मला सर्वांत काळजीचे वाटते, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावर खर्च करतो.

आधी तक्त्याविषयी. जागतिक श्रेणी, कायद्यातील अनुसूची आणि राज्यातील प्रत्यक्ष स्थिती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तीन स्वतंत्र रकान्यांत राहिल्या पाहिजेत. जागतिक श्रेणी ही संपूर्ण जगातून ती प्रजाती नष्ट होण्याचा धोका किती, याचा अंदाज आहे. अनुसूची हा शिकार, व्यापार आणि शिक्षा यांविषयीचा कायदेशीर निर्णय आहे. १९७२ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या. त्या दिवशी अनेक प्राण्यांपुढील अनुसूचीचा आकडा बदलला, पण रानात त्यांच्या संख्येत काही फरक पडला नव्हता. तिसरी गोष्ट म्हणजे राज्याच्या सीमेत ती प्रजाती टिकण्याची शक्यता, आणि ती पहिल्या दोन रकान्यांतून काढता येत नाही. लांडग्याचे उदाहरण घ्या. उत्तर गोलार्धात दूरवर पसरलेली प्रजाती म्हणून जागतिक यादीत करड्या लांडग्याची नोंद 'किमान चिंता' अशी आहे. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर भागांतील माळांवर धनगरांच्या मेंढ्यांच्या मागे फिरणाऱ्या आपल्या लांडग्यांविषयी त्या दोन शब्दांवरून काहीही कळत नाही. ते शब्द राज्याच्या यादीत जसेच्या तसे उतरवले, तर माळावर उद्या औद्योगिक वसाहत येणार असेल तेव्हा तीच यादी लांडग्याच्या विरोधात पुरावा म्हणून वापरली जाईल.

आता रानपिंगळा. पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी १८७३ साली या पक्ष्याचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकात त्याचे सारे मिळून सात नमुने गोळा झाले आणि १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने दिसला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. मधली ११३ वर्षे त्याचा पत्ता नव्हता, याला एक खोटी नोंदही कारणीभूत होती. माइनर्त्झहॅगन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे आपण हा पक्षी मिळवल्याचे नोंदवले होते. प्रत्यक्षात तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला जुनाच नमुना होता, हे पुढे सिद्ध झाले, आणि खोट्या नोंदी बाजूला काढल्यावरच शोध योग्य भागात वळला. त्यानंतर मेळघाट, खानदेश, मध्य प्रदेशातील खकनार, गुजरातमधील डांग आणि मुंबईजवळचे तानसा अशा ठिकाणी पक्षी आढळत गेले आणि २०१८ साली श्रेणी 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' अशी झाली.

या बदलाचा अर्थ नीट वाचला पाहिजे. शोधणारे वाढले, ठिकाणे सापडली आणि आधीचा अंदाज फार कमी होता हे कळले, म्हणून श्रेणी बदलली. तानशात तो २०१४ साली प्रथम आढळला म्हणजे २०१४ सालीच तो तेथे आला, असे मानायला काहीही आधार नाही. ज्या मोकळ्या सागवानी जंगलात तो राहतो तेथील जुन्या, ढोलीच्या झाडांची तोड आणि अतिक्रमण थांबल्याने हा बदल झालेला नाही. लाल यादीच्या परिभाषेत अशा बदलाला खरा बदल म्हणत नाहीत, कारण येथे फक्त आपले ज्ञान बदलले आहे. म्हणून पाठपुरावा कमी करण्याचा निष्कर्ष या श्रेणीतून निघत नाही. उलट, जी ठिकाणे नव्याने कळली त्यांतील बहुतेक संरक्षित क्षेत्रांबाहेर किंवा त्यांच्या कडेला आहेत का, हे तपासण्याचे नवे काम त्यातून निघते.

याच्या अगदी उलट उदाहरण गिधाडांचे. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षीसंशोधक विभू प्रकाश यांना गिधाडे मरताना दिसू लागली. पुढच्या मोजण्यांतून १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्के घटल्याचे, आणि लांब चोचीची व निमुळत्या चोचीची गिधाडे मिळून सुमारे ९७ टक्के घटल्याचे दिसले. कारण २००४ साली सापडले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. गिधाडांची श्रेणी अधिक गंभीर झाली तो बदल पूर्णपणे खरा होता. तेच निरीक्षक, तेच रस्ते, तीच पद्धत, आणि पक्षी मात्र नाहीसे झालेले. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांवर मर्यादा आणली आणि २०२३ मध्ये एसिक्लोफिनॅक व केटोप्रोफेन या औषधांचा जनावरांसाठी वापर बंद केला. कारण कळल्यामुळे उपाय ठरला. रायगड जिल्ह्यात म्हसळा-श्रीवर्धन भागात गिधाडांसाठी काम करणाऱ्यांना घरट्यांच्या झाडांइतकेच जनावरांच्या औषधांकडेही लक्ष ठेवावे लागते ते यामुळेच.

म्हणून माझी आपल्याला पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना ही की, यादीत 'जुनी श्रेणी' आणि 'नवी श्रेणी' यांच्या मध्ये 'बदलाचे कारण' असा रकाना सक्तीचा करा, आणि तो रिकामा असेल तर ती नोंद स्वीकारू नका. कारणे मोजकीच असतात. संख्या किंवा अधिवास खरोखर बदलला असेल, नवी माहिती मिळाली असेल, जुन्या मूल्यमापनात चूक असेल, एका प्रजातीच्या दोन झाल्या असतील, किंवा निकषांचा अर्थ लावण्यात फरक पडला असेल. पाचांपैकी फक्त पहिल्या कारणाने राज्यातील प्राण्यांची परिस्थिती सुधारली किंवा बिघडली असे म्हणता येते. लाल यादी निर्देशांक हा जो एकत्रित आकडा जगभर वापरला जातो, तोही केवळ खऱ्या बदलांवरच मोजतात. माहिती सुधारली असेल तर मागची श्रेणीही आजच्या माहितीनुसार दुरुस्त करून घेतात, म्हणजे भासणारी सुधारणा हिशेबात शिरत नाही. आपल्या बारा वर्षांपूर्वीच्या यादीवरही हे करावे लागेल. ते कंटाळवाणे काम आहे, पण ते न करता दोन याद्यांची तुलना छापली, तर ती तुलना फसवी असेल.

निकषांविषयी आता थोडे. सध्या लागू असलेली निकषांची ३.१ ही आवृत्ती २००० साली स्वीकारली गेली. त्यात पाच निकष आहेत: संख्येतील घट, मर्यादित भौगोलिक क्षेत्र, लहान आणि घटत जाणारी संख्या, अतिशय लहान संख्या, आणि नष्ट होण्याच्या शक्यतेचे गणिती विश्लेषण. यांपैकी कोणत्याही एका निकषावर प्रजाती धोक्यात ठरली तरी पुरते, आणि ज्या निकषावर सर्वांत गंभीर श्रेणी मिळते ती ग्राह्य धरतात. सगळ्या निकषांची सरासरी काढण्याची चूक मी अनेक अहवालांत पाहिली आहे. आपल्याकडे बेडूक, पाली, मासे यांना प्रामुख्याने दुसरा निकष लागतो, कारण त्यांची संख्या कोणी मोजलेली नसते, पण ठिकाणे माहीत असतात. ज्ञात ठिकाणांना वेढणाऱ्या बहुभुजाचे क्षेत्र १०० चौरस किलोमीटरहून कमी असेल तर अतिसंकटग्रस्त, ५,००० हून कमी असेल तर संकटग्रस्त, २०,००० हून कमी असेल तर असुरक्षित, असे टप्पे आहेत. प्रत्यक्ष वास्तव्याचे क्षेत्र २ बाय २ किलोमीटरचे चौकोन मोजून काढतात आणि त्याचे टप्पे १०, ५०० व २,००० चौरस किलोमीटर आहेत. मात्र केवळ क्षेत्र लहान असल्याने श्रेणी मिळत नाही. त्याच्या जोडीला मोजकी स्थळे किंवा तुकड्यांत विखुरलेला अधिवास, चालू असलेली घट, आणि संख्येतील तीव्र चढउतार यांपैकी किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. सह्याद्रीतील एखादी पाल एकाच डोंगरावर असली आणि त्या डोंगराला कसलाही धोका नसला, तर ती दुर्मीळ असेल, पण या निकषाने ती संकटग्रस्त ठरत नाही.

'स्थळ' या शब्दावर मला थांबावेसे वाटते, कारण येथे माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली होती. एका नदीतील लहान माशाचे मूल्यमापन करताना तो सात गावांच्या हद्दीत मिळाला म्हणून मी 'सात स्थळे' असे लिहिले. नंतर एका वृद्ध भोई मच्छीमाराने मला विचारले की, वरच्या नाल्यातून रंगीत पाणी सुटते तेव्हा सातही गावांतले मासे एकाच दिवशी तरंगतात, मग सात कशाला लिहिलेत? तो बरोबर होता. लाल यादीच्या अर्थाने स्थळ धोक्यावरून ठरते. एकाच घटनेने जेवढ्या क्षेत्रातील सर्व प्राणी अल्पावधीत बाधित होऊ शकतात तेवढे एक स्थळ. त्या माशासाठी सातही गावे मिळून एकच स्थळ होते आणि श्रेणी दोन पायऱ्यांनी चुकली होती. कोकणातील सड्यांवर (जांभ्या दगडाच्या पठारांवर) उलटही घडते. शेजारी दिसणारे दोन सडे वेगवेगळ्या चिरेखाणींच्या पट्ट्यांत असतील, तर ती दोन स्थळे होतात. त्यामुळे धोक्याचा नकाशा हाती असल्याशिवाय स्थळे मोजायला बसू नये.

दुसरी बाब कालावधीची. घटीचा निकष १० वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यावर मोजतात. लहान बेडकासाठी दहा वर्षे पुरतात, पण गिधाडासारख्या दीर्घायुषी पक्ष्याच्या तीन पिढ्या म्हणजे तीन-चार दशके होतात. अद्ययावत करताना यातून एक सापळा तयार होतो, तो असा की काळ पुढे सरकतो तशी जुनी मोठी घट मोजणीच्या चौकटीबाहेर पडते. नव्वदच्या दशकातील गिधाडांचा संहार काही वर्षांनी या चौकटीतून निसटेल, आणि पक्षी अगदी थोडे उरलेले असतानाही घटीच्या निकषावर श्रेणी सौम्य दिसू लागेल. म्हणून दर वेळी इतर निकषही पुन्हा लावून पाहावे लागतात. तसेच, वरच्या धोक्याची श्रेणी द्यायची असेल तर ती विलंब न लावता द्यावी, आणि सौम्य श्रेणीत आणायचे असेल तर आधीच्या श्रेणीचा एकही निकष सलग पाच वर्षे लागू होत नसल्याची खात्री करूनच आणावे, असा नियम आहे. नवी माहिती किंवा जुनी चूक हे कारण असेल तर ही पाच वर्षांची अट लागत नाही.

राज्यासारख्या प्रदेशासाठी आययूसीएनची वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि ती आपल्या गटाने आधी वाचावीत. त्यांचा गाभा असा की, प्रथम राज्यातील संख्येला नेहमीचे निकष लावायचे आणि मग बाहेरून प्राणी येत असल्यास श्रेणी एक पायरी सौम्य करायची का, हे ठरवायचे. वाघाचे उदाहरण सोपे आहे. राज्यात २००६ च्या गणनेत १०३, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वाघांचा अंदाज आला. ही वाढ खरी आहे आणि तिचे श्रेय क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना दिलेच पाहिजे. पण ४४४ म्हणजे ४४४ प्रौढ नव्हेत. या गणनेत एक वर्षावरील वाघ धरतात आणि लाल यादी प्रजननक्षम प्रौढांचीच संख्या विचारते. प्रौढ २५० हून कमी निघाले तर संख्येच्या निकषावर राज्यात 'संकटग्रस्त', २५० ते १,००० दरम्यान निघाले तर 'असुरक्षित'. त्यानंतरचा प्रश्न हा की मध्य प्रदेश, तेलंगणा, छत्तीसगड यांच्याशी जोडलेले मार्ग वाघांच्या ये-जा करण्यासाठी किती खुले आहेत. ते खुले असतील तर श्रेणी एक पायरी सौम्य करता येते. महामार्ग आणि कालवे यांनी ते बंद होत असतील तर ही सवलत घेऊ नये. विदर्भातील वाघांसाठी जे उत्तर येईल ते सह्याद्रीतील वाघांना लावता येत नाही, म्हणून टिपणात दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख ठेवा.

हत्तींची नोंद अधिक नाजूक आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात ते २००२ साली कर्नाटकातून आले आणि गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने एक कळप आला. अलीकडे आलेल्या प्रजातीचे प्रादेशिक मूल्यमापन ती काही वर्षे सलग येथे प्रजनन करत असल्याचे दिसल्यावरच करतात. तोवर 'लागू नाही' असे लिहून टिपण ठेवणे योग्य. आपल्या गटातील काहींना 'लागू नाही' हे शब्द दुर्लक्ष वाटतील, पण ते दुर्लक्ष नव्हे. पिकांच्या नुकसानीची भरपाई, कळपाचे मार्ग, माणसांची सुरक्षितता यांवरील काम श्रेणीची वाट पाहत नाही. गडचिरोलीतील कोलामार्का येथील रानम्हशींची गोष्ट वेगळी. त्या येथल्याच, संख्येने अगदी थोड्या, आणि इंद्रावती नदीपलीकडील, छत्तीसगडमधील कळपांवर अवलंबून आहेत. पलीकडची संख्याच ढासळत असेल तर तिकडून म्हशी येऊन येथली घट भरून निघेल, असे मानता येणार नाही. केवळ आपल्या राज्यातच आढळणाऱ्या प्रजातींसाठी मात्र हा सारा खटाटोप नाही. तेथे राज्याची श्रेणी हीच जगाची श्रेणी असते आणि जबाबदारीही पूर्ण आपली असते. २००९ साली वर्णन झालेला आंबोलीचा भेक अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या पावसात रस्त्यावर आलेले भेक गाड्यांखाली चिरडले जातात, आणि त्या काही रात्रींत वाहतूक आवरणे हे काम कोणत्याही जागतिक परिषदेचे नाही, आपलेच आहे.

जिल्हावार यादीविषयी माझे मत स्पष्टपणे नकारात्मक आहे. क्षेत्र फार लहान घेतले की जवळजवळ प्रत्येक प्राणी संख्येच्या निकषावर संकटग्रस्त ठरतो आणि श्रेणीला अर्थ उरत नाही. जिल्ह्यासाठी श्रेणी देण्यापेक्षा कोणती प्रजाती कुठे आहे, ती तेथे वीण करते का, शेवटची खात्रीची नोंद केव्हाची आणि धोका कोणता, एवढे लिहावे. जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवही यासाठीच आहे, आणि राज्याची यादी करताना अशा चांगल्या नोंदवह्यांइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. श्रेणी राज्यासाठी द्या, आणि जमल्यास उत्तर पश्चिम घाट व दख्खनचे माळ यांसारख्या नैसर्गिक विभागांसाठी द्या.

आधारसामग्रीची पारख हा या कामाचा सर्वांत कठीण भाग. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यांवर होणारी प्रगणना ही आपल्याकडील सुंदर प्रथा आहे. तिने हजारो लोकांना जंगलाशी जोडले आहे आणि ती चालू राहावी असे मला मनापासून वाटते. पण तिचे आकडे वर्षावर्षांची तुलना करण्यासाठी वापरू नयेत. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, ओढ्यांत पाणी राहिले किंवा वनखात्याने नवे कृत्रिम पाणवठे बांधले, की प्राणी विखुरतात आणि आकडा पडतो, संख्या तेवढीच असली तरी. शेकरूच्या बाबतीत घरटी मोजून संख्या काढण्याची पद्धत आहे. एक शेकरू एकाहून अधिक घरटी बांधते आणि जुनी घरटी बराच काळ टिकतात, हे लक्षात न घेता मोजले तर भीमाशंकरला प्रत्यक्षाच्या कितीतरी पट शेकरू दिसतील. घरट्यांचे वापरातील आणि सोडून दिलेली असे दोन गट करून, दर वर्षी त्याच मार्गांवर, त्याच महिन्यात मोजावे. प्रत्यक्ष संख्येऐवजी कल मिळाला तरी यादीसाठी तो पुरेसा असतो.

पक्ष्यांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालासाठी ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या. त्यात ९४२ प्रजातींचे मूल्यमापन झाले आणि १७८ प्रजाती उच्च प्राधान्याच्या ठरल्या. मला त्या अहवालातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट वेगळीच वाटते. इतकी प्रचंड सामग्री असूनही दीर्घकालीन कल त्यांनी फक्त ३३८ प्रजातींचाच सांगितला, कारण उरलेल्यांसाठी पुरावा पुरेसा नव्हता. आपल्या गटानेही हा संयम ठेवावा. अशा नोंदी वापरताना संपूर्ण याद्याच घ्या, ज्यांत निरीक्षकाने दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिलेला आहे. त्यातून न दिसलेल्याचीही माहिती मिळते. केवळ दुर्मीळ पक्ष्यांची छायाचित्रे एकत्र केली तर प्रत्येक दुर्मीळ पक्षी वाढताना दिसेल, कारण कॅमेरे वाढले आहेत. खवले मांजराच्या बाबतीत हीच चूक उलट्या दिशेने होते. तस्करीत पकडलेल्या खवल्यांचे आकडे वाढले तर ती शिकारीतील वाढ असेल किंवा पोलीस आणि वनखात्याच्या दक्षतेतील, आणि संख्येविषयी त्यातून थेट काही काढता येत नाही.

ज्यांना आपण माहिती देणारे म्हणून शेवटी आठवतो त्यांना आधी बोलवा. अकोला-वाशीम भागात तणमोर कोणत्या माळावर उड्या मारतो हे फासेपारधी समाजातील जाणकारांना कोणाही संशोधकाच्या आधी माहीत होते, आणि त्यांच्यातील काही जण आज त्याच पक्ष्याच्या राखणीत पुढे आहेत. तणमोर २०२१ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. माळढोक तर २०११ पासूनच तसा आहे, आणि १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालेल्या नान्नज परिसरातही आता एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते. या दोघांचे दुःख सारखेच आहे. ते ज्या गवताळ माळावर जगतात त्याची सरकारदप्तरी नोंद 'पडीक' अशी असते, आणि पडीक जमिनीवर झाडे लावणे हे पुण्यकर्म मानले जाते. यादीत या पक्ष्यांपुढे 'अधिवासाचा नाश' एवढेच लिहून थांबू नका. 'गवताळ माळावर वृक्षलागवड', 'माळावरून जाणाऱ्या वीजवाहिन्या' असे नेमके लिहा. नेमके लिहिले तरच संबंधित खात्याला आपले नाव त्यात दिसते.

'अपुरी माहिती' आणि 'मूल्यमापन झालेले नाही' या दोन नोंदींची गल्लत टाळा. पहिलीचा अर्थ असा की आपण पाहिले, निकष लावायचा प्रयत्न केला आणि माहिती इतकी तोकडी निघाली की अतिसंकटग्रस्त ते किमान चिंता यांपैकी काहीही शक्य आहे. दुसरीचा अर्थ, अजून कोणी पाहिलेच नाही. सह्याद्रीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत पाली, बेडूक, देवगांडूळ, मासे, खेकडे यांच्या कितीतरी नव्या प्रजातींचे वर्णन झाले आणि त्यांतील अनेक दुसऱ्या गटात पडून आहेत. मूल्यमापन न झालेली प्रजाती सुरक्षित मानली जाते, हा शासकीय अहवालांतील जुना दोष आहे. पण श्रेणी नसतानाही काम करता येते. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातील माशाचे वर्णन २०२० मध्ये झाले आणि पुढच्याच वर्षी ते २.११ हेक्टरचे क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. अशा प्रजातींची अचूक ठिकाणे प्रसिद्ध यादीत मात्र छापू नका. पाली आणि खवले मांजर यांच्या बाबतीत तर कधीच नको. ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मूळ नोंदवहीत ठेवा आणि छापील नकाशावर तालुक्यापुरतीच माहिती द्या.

कामाचा क्रम सुचवायचा तर, सगळे प्राणी एकदम हाती घेऊ नका. पश्चिम घाटातील गोड्या पाण्यातील जीवांचे जे मूल्यमापन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले त्यात १,१४६ प्रजाती होत्या आणि सुमारे १६ टक्के धोक्यात निघाल्या. ते मूल्यमापन आता जुने झाले आहे, कारण दहा वर्षे उलटलेली नोंद कालबाह्य धरतात. गोड्या पाण्यातील मासे आणि राज्यापुरते मर्यादित बेडूक यांच्यापासून सुरुवात केली तर जेथे आपली जबाबदारी पूर्ण आहे आणि माहिती सर्वांत जुनी आहे, तेथे श्रम लागतील. पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंद्राकडे नमुन्यांची ओळख पडताळण्यासाठी आधीच लिहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबी येथील आययूसीएनच्या परिषदेत भारताने राष्ट्रीय लाल यादीचा आराखडा मांडला आहे, त्यामुळे आपली टिपणे त्याच निकषांत आणि त्याच नमुन्यात असली तर पुढे तीच वापरता येतील. प्रत्येक प्रजातीचे मूल्यमापन एकाने लिहावे आणि ज्याने ते लिहिले नाही अशा किमान दोघांनी तपासावे. त्यांतील एक जण त्या भागात प्रत्यक्ष काम केलेला असावा.

रानपिंगळ्याचे टिपण आपण पुन्हा लिहिणार असाल तर श्रेणी 'संकटग्रस्त' ठेवा, बदलाच्या कारणापुढे 'नवी माहिती' असे लिहा, खाली तानसा, मेळघाट आणि सातपुडा येथील ढोलीच्या झाडांची आजची स्थिती जोडा, आणि ती स्थिती कोणी, कोणत्या महिन्यात पाहिली हेही लिहा.